बोटांना सोसेल असा कळफलक

या सदरात आजवर आपण चालण्याची काठी, न्हाणीघरातील आधाराचा दांडा, औषधांची डबी अशा साधनांविषयी बोललो. कळफलक, म्हणजे संगणकाचा कीबोर्ड, या मालिकेत कसा बसतो, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. वर्षापूर्वी मलाही पडला असता.

माझे सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ठाण्याच्या न्यायालयात मराठी टंकलेखक होते. आज त्यांचे वय ७९. निवृत्तीनंतर घरात संगणक आला, तेव्हा टंकलेखन यंत्राची जुनी सवय मोडून त्यांनी तीन आठवड्यांत इनस्क्रिप्ट पद्धत आत्मसात केली आणि डोंबिवलीतील आमच्या वसाहतीत 'अर्जवाले अण्णा' अशी त्यांची ओळख झाली. कुणाचा निवृत्तिवेतनाचा अर्ज, कुणाची सोसायटीकडे तक्रार, कुणाचे वारसनोंदीसाठी तलाठ्याला द्यायचे पत्र. मोबदला ते घेत नाहीत. उलट आलेल्याला चहा पाजतात, आणि तो चहा अर्थातच मी करते.

गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे हयातीच्या दाखल्यांसाठी निवृत्तांची धावपळ असते नेमक्या त्या महिन्यात, अण्णांनी लोकांना परत पाठवायला सुरुवात केली. "संगणक बिघडला आहे," असे ते सांगत. संगणक ठणठणीत होता. रात्री माझा मुलगा त्यावर तासभर खेळत असे. आम्ही घरच्यांनी हलक्या आवाजात निष्कर्षही काढून टाकला. वय झाले, उमेद ओसरली, कदाचित विसरायलाही होत असेल. मग एके दुपारी मी सहज डोकावले, तर अण्णा हातात पेन्सिल उलटी धरून तिच्या खोडरबराच्या टोकाने एकेक कळ दाबत होते. एका ओळीला त्यांना चार मिनिटे लागली. चाळीस वर्षे दहा बोटांनी न पाहता टंकणारा हा माणूस. मी आत गेले नाही.

तपासणीत डॉक्टरांनी बोटांच्या टोकाजवळच्या सांध्यांवरील कठीण गाठी दाखवल्या. झिजेच्या संधिवातात अशा गाठी येतात. त्यांना हेबरडेनच्या गाठी म्हणतात. शेक, हलके व्यायाम, वेदना वाढल्यास लावायचे मलम, हे सारे झाले. नंतर भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनी एक साधाच प्रश्न विचारला: "यांचा कळफलक किती जड दाबावा लागतो?" घरात कुणालाच उत्तर देता येईना. संगणकाबरोबर जो आला होता तोच, कित्येक वर्षांचा.

उत्तर आम्ही घरीच काढले, आणि वाचकांनाही ते काढता येईल. दहा रुपयांचे दुरंगी नाणे साधारण पावणेआठ ग्रॅम वजनाचे असते. कळफलकाच्या मधल्या एखाद्या कळीवर खोडरबराचा लहानसा तुकडा ठेवावा, म्हणजे नाणे शेजारच्या कळींवर टेकत नाही, आणि त्यावर अलगद एकेक नाणे रचत जावे. कितव्या नाण्याला कळ खाली जाते ते मोजावे. आमच्या जुन्या कळफलकावर आठ नाणी ठेवली तरी कळ जागची हलली नाही. नवव्याला ती धपकन तळाला गेली. म्हणजे सुमारे सत्तर ग्रॅम. एका अर्जात हजार-दीड हजार वेळा कळ दाबावी लागते, हे लक्षात घेतले की दुखऱ्या सांध्यांचे काय होत असेल याची कल्पना येते.

आपल्या बहुतेकांच्या घरी असतो तो पडद्याचा कळफलक. त्याच्या आत रबराच्या लहान घुमटांचा एक पातळ थर असतो. कळ दाबली की घुमट चेपतो आणि खालच्या पडद्यावरील दोन बिंदू एकमेकांना टेकतात. अक्षर उमटण्यासाठी कळ जवळजवळ तळापर्यंत न्यावीच लागते, आणि तळ लागताच बोटाच्या टोकाला धक्का बसतो. रबर जुने झाले की काही कळा अधिक ताठ होतात, काही लुळ्या पडतात. यांत्रिक कळफलकाची रचना निराळी. त्यात प्रत्येक कळीखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. कळीचा एकूण प्रवास साधारण चार मिलिमीटरचा, परंतु अक्षर सुमारे दोन मिलिमीटरवरच उमटते. तळ गाठण्याची गरज उरत नाही. बोटाला ही सवय लागायला थोडे दिवस जातात, मात्र एकदा लागली की धक्का पुष्कळ कमी होतो.

हे यंत्र आपल्याला अगदीच अपरिचित नाही. बँकेत पासबुक भरून घेताना काउंटरपलीकडून येणारा खडखडाट ज्यांनी ऐकला आहे, त्यांनी यांत्रिक कळफलक ऐकला आहे. टीव्हीएस-ई गोल्ड हा आपल्याकडील कार्यालयांतील त्याचा जुना प्रतिनिधी. जर्मनीतील चेरी या कंपनीने १९८० च्या दशकात एमएक्स नावाचे स्विच आणले आणि पुढे तोच जणू प्रमाण नमुना ठरला. त्याच्या पेटंटची मुदत संपल्यावर गॅटेरॉन, कैल, आउटेमू अशा चिनी उत्पादकांनी त्याच घडणीचे स्विच स्वस्तात काढले. एकेकाळी चैनीची वाटणारी ही वस्तू आज दीड-दोन हजारांपासून मिळू लागली ती त्यामुळे. ती खपते मात्र मुख्यतः खेळणाऱ्या मुलांमध्ये, म्हणून खोक्यावर ड्रॅगन आणि विजा असतात. ज्येष्ठांनी त्याने बिचकू नये.

स्विचचे तीन मुख्य प्रकार रंगांनी ओळखले जातात. लाल स्विच सर्वांत हलका. चेरीच्या मापाने ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपली सहा नाणी. तो सरळ, गुळगुळीत खाली जातो. तपकिरी ५५ च्या जवळपास, म्हणजे सात नाणी. त्यात अर्ध्या वाटेवर एक बारीकशी अडखळ बोटाला जाणवते आणि अक्षर उमटल्याचे कळते. निळा साठच्या आसपास, आठ नाणी. त्यात ही अडखळ अधिक ठळक, शिवाय टिक असा स्पष्ट आवाज. उत्पादकागणिक आकडे थोडे बदलतात, म्हणून नाण्यांची परीक्षा दुकानातही करावी. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

आमची चूक इथेच झाली. माझा मुलगा अकरावीत आहे. त्याला खेळासाठी यांत्रिक कळफलक हवाच होता, आणि अर्धे पैसे देण्याची त्याची तयारी होती. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळच्या भडकमकर मार्गावर, आम्ही दोघे गेलो आणि लाल स्विचचा कळफलक २,३०० रुपयांना घेऊन आलो. मुलाला वेगासाठी लाल हवा होता. माझा हिशेब असा की बोटे दुखतात, तर सर्वांत हलका तोच सर्वांत चांगला. अण्णांना बरोबर नेले नाही. लोकलची गर्दी त्यांना सोसणार नाही, हे कारण मी स्वतःला दिले.

पहिल्या दिवशी अण्णांनी अर्ज उघडला आणि पडद्यावर 'ककककक', 'तततत' अशा ओळी उमटू लागल्या. इनस्क्रिप्टमध्ये मधल्या ओळीत उजव्या हाताच्या बोटांखाली र, क, त, च ही अक्षरे येतात. जुन्या टंकलेखकाची बोटे दोन शब्दांच्या मधल्या वेळात त्या ओळीवर विसावतात. टंकलेखन यंत्राच्या कळीला तेवढ्या भाराचे काहीच वाटत नसे; ती जोराने हाणल्याशिवाय हलतच नसे. लाल स्विचला मात्र विसावलेल्या बोटाचा भारही आज्ञेसारखा वाटला. अण्णांनी कळफलकाला दोष दिला नाही. त्यांनी दोन्ही हात समोर धरून पाहिले आणि म्हणाले, "माझा हात कापायला लागला असावा." तो दिवस मला आठवू नये असे वाटते.

कापत नव्हता. डॉक्टरांनी पाहून तसे सांगितले. ज्यांचा हात खरोखरच कापतो त्यांना तर हलका स्विच अधिकच गैरसोयीचा, कारण नको ती कळ नकळत दाबली जाते. बोटांत जोर कमी पण हात स्थिर असेल, तर लाल उपयोगी पडतो. हात कापत असेल, किंवा कळींवर बोटे टेकवून ठेवण्याची सवय असेल, तर थोडा प्रतिकार हवा. म्हणजे हलके तेवढे बरे, हा माझा हिशेब अर्धाच खरा होता.

सुदैवाने खरेदीच्या वेळी मुलाने एक गोष्ट पाहून घेतली होती. कळफलक 'हॉट-स्वॅप' जातीचा होता. त्यात स्विच डाख देऊन पक्के केलेले नसतात. चिमट्याने ते उपटून दुसरे बसवता येतात. तपकिरी स्विचचा संच आम्ही १,१०० रुपयांना आणला आणि एका रविवारी आजोबा-नातवाने मिळून १०४ स्विच बदलले. एक दक्षता येथे नोंदवते. काही स्विचना तीन पाय असतात, काहींना पाच, आणि सर्व खोबणींत सर्व बसत नाहीत. म्हणून कळफलकच दुकानात नेऊन एक स्विच बसवून पाहावा. ज्या घरी एकच कळफलक दोन पिढ्यांनी वापरायचा आहे, तेथे या एका सोयीसाठी तीन-चारशे रुपये अधिक द्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. आजाराचे स्वरूप बदलते, बोटे बदलतात. स्विच बदलता येत असतील तर सगळा कळफलक फेकावा लागत नाही.

लाल स्विच गेले म्हणून मुलगा दोन दिवस रुसला. आठवड्यानंतर मी विचारले तेव्हा त्याला फरक आठवतही नव्हता. खेळासाठी खरे महत्त्व आहे ते एका वेळी अनेक कळा दाबल्या तरी सर्वांची नोंद होण्याला. स्वस्त पडद्याच्या कळफलकात तीन-चार कळा एकत्र दाबल्या की एखादी हरवते. यांत्रिक कळफलकांच्या खोक्यावर 'एन-की रोलओव्हर' असे लिहिलेले असेल तर तसे होत नाही. अण्णांच्या कामाला याचा उपयोग नाही, तोटाही नाही.

आकाराच्या बाबतीत तरुण आणि ज्येष्ठ यांच्या गरजा खऱ्या अर्थाने विरुद्ध जातात. मुलांना ६१ कळांचा आटोपशीर कळफलक आवडतो. त्यात बाणांच्या कळा नसतात; त्यांचे काम दोन कळा एकत्र दाबून करावे लागते. दुखऱ्या हातांना आणि जुन्या सवयींना हे सोसत नाही. १०४ कळांच्या पूर्ण कळफलकात उजवीकडे आकड्यांचा स्वतंत्र गट असतो. बँकेचा सांकेतिक क्रमांक, आधार क्रमांक भरताना ज्येष्ठांना तो सोयीचा वाटतो. मात्र त्या गटामुळे माउस दूर जातो आणि उजवा हात सतत बाहेर ताणलेला राहतो. खांदा आखडलेल्या व्यक्तीसाठी ८७ कळांचा मधला आकार बरा. त्यात बाण असतात, आकड्यांचा गट नसतो. अण्णांचा खांदा चांगला आहे आणि अर्जांत आकडे फार, म्हणून आम्ही पूर्ण आकार ठेवला.

यांत्रिक कळफलक उंचीला जास्त असतो, आणि त्याचा त्रास मनगटाला होतो. मागचे दोन पाय उघडून तो तिरपा करण्याचा मोह टाळावा. त्याने मनगट मागे वाकते. पाय मिटलेलेच ठेवावेत, खुर्ची किंचित उंच घ्यावी, कोपर साधारण काटकोनात आणि मनगट सरळ राहील असे पाहावे. तळहाताच्या टेकूसाठी विकतची गादी न घेता आम्ही पंचाची घट्ट गुंडाळी पुढे ठेवली. टेकू विश्रांतीसाठी आहे. टंकताना मनगट त्यावर दाबून धरू नये. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून मुठी उघडमीट कराव्यात. अण्णांना त्यासाठी निमित्त लागते. मी चहा थोडा दूर ठेवते.

आवाजाचा विचार खरेदीपूर्वीच करावा. आमच्या दोन खोल्यांच्या घरात अण्णा ज्या दिवाणावर झोपतात, त्यापासून संगणक पाच हातांवर आहे. निळे स्विच असते तर रात्रीचा खेळ किंवा रात्रीची झोप, यांपैकी एक गेलेच असते. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना तो टिकटिकाट विशेष बोचू शकतो. तपकिरी स्विच नीरव नाही, पण त्याखाली जुन्या चादरीची घडी घातली की बराच मवाळ होतो. साडेदहानंतर खेळ बंद, हा नियम मात्र कोणत्याही स्विचने शिथिल होत नाही.

अक्षरांचे काय? देवनागरी अक्षरे छापलेले यांत्रिक कळफलक बाजारात सहज दिसत नाहीत. अक्षरांच्या चिकटपट्ट्या मिळतात. काळ्या कळीवर ठसठशीत पांढरे किंवा पिवळे अक्षर घ्यावे. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना कळांखालचे रंगीबेरंगी नाचरे दिवे त्रास देतात. ते बंद करता येतात किंवा एकच मंद पांढरा प्रकाश ठेवता येतो. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो, इनस्क्रिप्टमध्ये तिथे ह्रस्व वेलांटी आणि र; न पाहता बोटे जागेवर आणण्यासाठी तो पुरतो. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने प्रमाण मानलेल्या या मांडणीत स्वर आणि मात्रा डावीकडे, बहुतेक व्यंजने उजवीकडे आहेत. गंमत अशी की मुले खेळात पळण्यासाठी ज्या चार कळा रात्रंदिवस बडवतात, त्याच कळांवर दोन मात्रा, एक काना-मात्रा आणि पाय मोडण्याचे चिन्ह येते. आमच्याकडे पहिल्या पट्ट्या झिजल्या त्या तिथल्याच.

नवा कळफलक घेणे शक्य नसेल, त्यांनी संगणकातील दोन सोयी आधी वापरून पाहाव्यात. विंडोजमध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड अशा क्रमाने गेल्यावर 'फिल्टर कीज' सापडते. ती चालू केली की ओझरता किंवा चुकून पुन्हा झालेला स्पर्श संगणक दुर्लक्षितो. कापणाऱ्या हातांसाठी ती फार उपयोगाची आहे. दुसरी 'स्टिकी कीज'. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, भ अशा कित्येक अक्षरांसाठी शिफ्ट दाबून धरावी लागते. ही सोय असली की शिफ्ट एकदा दाबून सोडायची, मग अक्षराची कळ दाबायची. पक्षाघातानंतर एकाच हाताने टंकणाऱ्यांनी ती अवश्य लावून घ्यावी. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की तिची चौकट आपोआप पुढे येते. खेळणाऱ्या मुलांना ती वैतागवाणी वाटते आणि ती मुले ही तरतूद बंद करून टाकतात. घरात तसे झाले आहे का, ते पाहावे. बोलून टंकण्याची सोयही मराठीत आहे, अण्णांना ती दाखवलीही. "बोललेले वाक्य सैल पडते, अर्जात चालत नाही," असे म्हणून त्यांनी ती नाकारली. त्यांचे अर्ज वाचले की ते खरे वाटते.

एक गोष्ट वाचकांनी गैरसमजाने घेऊ नये. कळफलक बदलल्याने सांध्यांची झीज भरून येत नाही. अण्णांच्या गाठी आजही आहेत आणि थंडीत त्या दुखतात. रात्री अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होऊन झोपमोड होत असेल, बोट वाकल्यावर अडकत असेल, सकाळी सांधे सुजून तासभर आखडत असतील, हस्ताक्षर हळूहळू बारीक होत चालले असेल, तर दुकानाआधी दवाखाना गाठावा. आणि एका बाजूचा हात अचानक निर्जीव वाटला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय.

स्वच्छतेचे काम आम्ही मुलाकडे दिले आहे. महिन्यातून एकदा तो कळांच्या टोप्या चिमट्याने काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुतो आणि पूर्ण सुकवून बसवतो. काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घेतो, नाहीतर १०४ टोप्यांचे कोडे दिवसभर सुटत नाही. टोप्यांखाली शेंगदाण्याची साले निघतात. ती कुणाची, यावर दोघांत एकमत होत नाही.

अण्णांचा वेग पूर्वीचा राहिला नाही. पूर्वी ज्या अर्जाला दहा मिनिटे लागत, त्याला आता पंचवीस लागतात. पेन्सिल मात्र पुन्हा मेजावरच्या पेल्यात गेली आहे. मागच्या पंधरवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकू वारसनोंदीची कागदपत्रे घेऊन दारात आल्या आणि आत न येता त्यांनी तिथूनच विचारले, "अण्णा, संगणक दुरुस्त झाला का हो?"

"झाला," अण्णा म्हणाले, "या, बसा." आणि स्वयंपाकघराच्या दिशेने त्यांनी माझ्याकडे पाहिले.